ऑफिसातली काचपेटी आणि गावाचे गप्पी मासे
(नभोवाणीवरील शेतकी कार्यक्रमात दिलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काही मंडळी हसतील. कपाशीवरची मावा-तुडतुडे, केळीवरचा करपा सोडून हा बाबा काचपेटीतल्या माशांचं काय सांगतोय, असं म्हणतील. पण जरा दम धरा. अलीकडे आपल्याकडे ग्रामपंचायतीचं ऑफिस, विकास सोसायटी, दूध संस्था, शेती-औषधांचं दुकान, अशा ठिकाणी माशांची काचपेटी ठेवण्याची हौस वाढली आहे. हौस वाईट नाही. पण बहुतेक ठिकाणी होतं काय, की पंधरा दिवसांत मासे मरतात, पेटी कोरडी होते आणि पुढं तिच्यात जुन्या पावत्यांची पुस्तकं जाऊन बसतात.

चोपडा तालुक्यात एका दूध संस्थेच्या ऑफिसात मी गेलो होतो. सचिव हळहळून म्हणाले, "भाऊ, समदा मासा मरी गयात." मी विचारलं, कोणते मासे होते? तर म्हणाले, सोनेरी. दहा आणले होते. पाणी किती दिवसांनी बदलत होता? तर म्हणाले, रोज, अगदी सगळंच्या सगळं, बोअरचं ताजं पाणी. आणि खायला? तर जो येईल तो घालायचा. कुणी बिस्किट, कुणी शेव, कुणी मुरमुरे.

बंधूंनो, त्या माशांची निगा कमी पडली नाही, निगा जास्त झाली. नव्या रोपाला रोज उपटून मुळ्या पाहाव्यात, तशातली गत. म्हणून आज आपल्या हवेला, आपल्या पाण्याला आणि आपल्या माणसांना झेपेल अशी काचपेटी कशी करायची ते सांगतो. आणि तीच पेटी गावाच्या उपयोगाला कशी लावायची, हेही सांगतो.

मासा कोणता घ्यावा

दुकानात गेलं की डोळा सोनेरी माशावर जातो. तो आपल्याकडे घेऊ नका. सोनेरी मासा थंड पाण्याचा. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 44-45 अंशांवर जातो. शिवाय तो खातो फार आणि घाण करतो फार. दोन फुटी पेटीत दहा सोनेरी मासे म्हणजे एका खुंट्याला दहा म्हशी.

दुसरा मोह काच चाटणाऱ्या काळ्या माशाचा. दुकानदार म्हणतो, हा पेटी साफ ठेवील. त्याला सकर म्हणतात. घेताना तो बोटाएवढा असतो, पुढं फूटभर आणि त्याहून मोठा होतो. मग पेटीत मावत नाही म्हणून लोक त्याला नदीत सोडतात. उजनी धरणात हा मासा मच्छीमारांच्या जाळ्यात सापडू लागला आहे. त्याचे काटे जाळी फाडतात आणि बाजारात त्याला भाव नाही. तापी-गिरणेत ही पीडा आपल्या हातानं कशाला आणायची?

मग कोणता घ्यावा? माझं उत्तर, साधा गप्पी. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पण आपल्याकडे येऊन शंभर वर्षांवर झाली. नर इंच-सव्वा इंचाचा, रंगीत शेपटीचा. मादी दोन इंचांपर्यंत, राखाडी, पोटानं भरलेली. आपलं जड, क्षारयुक्त पाणी त्याला मानवतं. उष्णता सोसतो, थोडक्यात भागवतो. दुकानात मोठ्या पंखासारख्या शेपटीचे महागडे गप्पी मिळतात, ते नाजूक असतात. आपल्याला साधेच हवेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. हिवताप विरोधी कामासाठी बऱ्याच ठिकाणी गप्पी पैदास केंद्र असतं आणि तिथून मासे फुकट देतात.

ज्यांना एकच मासा हवा, टेबलावर लहानशी पेटी हवी, त्यांनी फायटर जातीचा एक नर ठेवावा. हा मासा पाण्याबाहेर तोंड काढून हवाही घेतो, म्हणून वीज गेली तरी गुदमरत नाही. मात्र एका पेटीत दोन नर कधीही ठेवू नयेत. एकमेकांना फाडून काढतात.

पेटी केवढी आणि कुठे

लहान पेटी सोपी असं आपल्याला वाटतं. खरं तर उलट आहे. थोडं पाणी लवकर तापतं, लवकर बिघडतं. गोल काचेचं भांडं तर नकोच. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी पेटी घ्या. तिच्यात काठोकाठ 54 लिटर पाणी मावतं. खडी टाकून, वरची दोन बोटं जागा सोडून, चाळीस-पंचेचाळीस लिटर राहील. काच पाच मिलिमीटरपेक्षा पातळ नको. भरलेल्या पेटीचं वजन पोत्याहून जास्त होतं, तेव्हा डुगडुगत्या टेबलावर ठेवू नका. खाली थर्मोकोलचा तुकडा घाला, म्हणजे उंचसखलपणा मोडतो आणि तळाची काच तडकत नाही.

जागा निवडताना चार गोष्टी पाहा. एक, खिडकीतून थेट ऊन येऊ नये. ऊन आलं की पाणी तापतं आणि काचेवर हिरवं शेवाळ चढतं. दोन, पत्र्याच्या छपराखाली ठेवू नका. स्लॅब किंवा धाब्याची खोली बरी. तीन, तिथं पंखा आणि विजेचं बटण जवळ असावं.

आणि चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. ज्या खोलीत फवारणीची औषधं असतात, तिथं पेटी ठेवू नका. सायपरमेथ्रीनसारखी औषधं माशाला अतिशय जहाल असतात. पाण्यात अगदी थोडा अंश गेला तरी पेटी साफ होते. कपाशी फवारून आलेल्या माणसानं गंमत म्हणून पाण्यात बोट घातलं, तरी मासे दगावू शकतात. गावात धूर फवारणी व्हायची असेल, तर पंप बंद करून पेटीवर प्लास्टिक आणि ओलं फडकं टाकावं आणि धूर गेल्यावर लगेच काढावं.

पेटी देखणी कशी दिसेल

देखणेपणाला पैसा लागत नाही, रंगसंगती लागते. प्लास्टिकचे किल्ले, निळी-गुलाबी खडी, बुडबुडे सोडणारा पाणबुड्या, हे सगळं वगळा. आपल्याकडे खाणीतली काळी बारीक खडी मुबलक आहे. आपला काळा पाषाण पाण्याला काही अपाय करत नाही. गव्हाच्या दाण्याएवढी खडी घ्या, सात-आठ पाण्यांनी धुवा, भुकटी गेली पाहिजे. तळाला दोन इंच थर द्या, मागं उंच आणि पुढं उतरता. पेटीच्या मागल्या काचेला बाहेरून काळा कागद चिकटवा. नदीतले तीन गुळगुळीत धोंडे एका बाजूला ठेवा. बाकी जागा मोकळी सोडा.

त्यात लांब पात्यांची पाणवनस्पती लावा. दुकानात मिळते, पाटाच्या किंवा डोहाच्या कडेलाही मिळते. बाहेरून आणलेली असेल तर तिच्याबरोबर चतुराच्या अळ्या येतात, त्या माशांची पिल्लं खातात. म्हणून परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवून, मग चांगली धुऊन लावा. परमँगनेट म्हणजे विहिरीत टाकतात ते जांभळं औषध. पिकाला देतो तो पोटॅश नव्हे, गल्लत करू नका.

काळ्या पार्श्वभूमीवर हिरवी पाती आणि त्यातून फिरणारे रंगीत गप्पी. येणारा माणूस पाच मिनिटं उभा राहून बघेल.

पाणी मुरू द्या

आता खरी गोम ऐका. तुम्हाला नत्राचं चक्र माहीत आहे. जमिनीत युरिया टाकला, की त्याचा आधी अमोनिया होतो, मग जिवाणू त्याचा नायट्राइट आणि पुढं नायट्रेट करतात, तेव्हा पिकाला तो लागू पडतो. पेटीतही तंतोतंत हेच चालतं. माशाच्या कल्ल्यातून आणि विष्ठेतून अमोनिया येतो. तो माशाला विष. खडीवर आणि फिल्टरच्या स्पंजावर जिवाणूंचं बस्तान बसलं, की ते त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट थोडं असेल तर मासा सोसतो आणि वनस्पती ते खाते.

हे बस्तान बसायला तीन ते चार आठवडे लागतात. म्हणून नव्या पेटीत एकदम दहा मासे टाकले तर ते मरतात. आपल्याकडे धोका आणखी जास्त. पाण्याचा सामू जेवढा चढा आणि पाणी जेवढं गरम, तेवढा अमोनियाचा विषारी भाग वाढतो. आपल्या विहिरी-बोअरच्या पाण्याचा सामू बहुधा सातच्या वरच असतो. दूध संस्थेतले सोनेरी मासे गेले ते यामुळं. नवी पेटी, मासे फार, खाणं फार, आणि रोज सगळं पाणी ओतून, खडी धुऊन, जिवाणूंचा संसारही रोज मोडलेला.

तेव्हा रीत अशी ठेवा. ग्रामपंचायतीच्या नळाला ब्लीचिंग पावडर असते, म्हणून पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवा, मग पेटीत भरा. स्पंज फिल्टर आणि लहान एअर पंप लावा. तीन-चार दिवसांनी फक्त चार गप्पी सोडा, एक नर आणि तीन माद्या. महिन्यानं आणखी सहा सोडा, दोन नर आणि चार माद्या. म्हणजे दहा झाले. याहून जास्त विकत आणायचे नाहीत, कारण पुढं वाढवायचं काम ते स्वतःच करतात.

पाच वॉटचा पंप महिनाभर रात्रंदिवस चालला, तर साडेतीन युनिटच्या आसपास वीज जळते. भारनियमनात आठ तास पंप बंद राहिला तरी दहा गप्पींना काही होत नाही. पंप मात्र पाण्याच्या पातळीच्या वर टांगावा, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं त्यात येतं.

आठवड्याला एक बादली

देखभाल म्हणाल तर एवढीच. आठवड्यातून एकदा नळीनं तळाचा गाळ ओढत एक बादली, म्हणजे दहा लिटर पाणी काढा. तेवढंच आदल्या दिवशी उघडं ठेवलेलं पाणी हळू घाला. काढलेलं पाणी ऑफिसातल्या तुळशीला, कुंड्यांना द्या, त्यात नत्र असतं. स्पंज महिन्यातून एकदा पिळायचा, तोही त्याच काढलेल्या पाण्यात, नळाखाली नव्हे.

काही जण म्हणतात, उडालेलं पाणी भरून काढतो, मग बदलायचं कशाला? त्याचं असं, की पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. ठिबकच्या छिद्रांवर पांढरा थर बसतो तो हाच. नुसती भर घालत गेलं, तर पेटी आपल्या क्षारपड जमिनीसारखी होते.

खाणं दिवसातून एकदाच. दोन मिनिटांत फस्त होईल एवढी चिमूट. आणि एकाच माणसाच्या हातानं. शिपाई असो, सचिव असो, नाव ठरवून टाका आणि डबा कुलपात ठेवा. रविवारी सुट्टी, माशालाही सुट्टी. तीन-चार दिवस उपवास घडला तरी धष्टपुष्ट गप्पी मरत नाही. जास्त खाण्यानं मात्र मरतो, कारण उरलेलं अन्न तळाशी कुजतं.

उन्हाळा आणि हिवाळा

पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. 25 अंशांना लिटरमागं सव्वाआठ मिलिग्रॅम मावतो, तर 35 अंशांना सातच्याही आत येतो. पेटीला एक साधा तापमापक लावा. पारा 33 वर गेला की झाकण काढून वर जाळी टाका, पंख्याची हवा पाण्यावरून जाऊ द्या, मागल्या काचेला ओलं गोणपाट लावा. माठाचं पाणी ज्या कारणानं गार होतं, त्याच कारणानं पेटीही दोन-तीन अंश उतरते. खाणं निम्मं करा. बर्फ टाकू नका, एकदम फरक झाला तर मासा दगावतो.

उलट डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे पहाटे पारा सात-आठ अंशांपर्यंत उतरतो. पेटी खिडकीपासून दूर ठेवा, रात्री गोणपाटानं झाका. पाणी 20 अंशांखाली राहू लागलं तरच लहान हीटर लावावा.

पेटीतून गावाकडे

गप्पी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देतो. मादी साधारण महिन्याला वीस-तीस पिल्लं टाकते. त्यांतली काही आईबापच खातात, पण दाट वनस्पती असेल तर पुष्कळ वाचतात. चार-पाच महिन्यांत पेटी भरून जाते. इथं बहुतेक लोक घाबरतात. मी म्हणतो, इथूनच खरं काम सुरू होतं.

आपल्याकडे कित्येक गावांत नळाला चार-चार, आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. म्हणून घरोघरी हौद, टाक्या, ड्रम भरलेले असतात. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. डास हिवतापाचा जंतू वाहतो हे रोनाल्ड रॉस यांनी 1897 साली आपल्याच देशात, सिकंदराबादला, शोधून काढलं. तेव्हापासून एवढी वर्षं झाली, तरी पावसाळा सरता सरता तापाची साथ येते, नेमकी कपाशी वेचणीच्या तोंडावर. घरातली दोन माणसं आडवी झाली, की मजूर मिळत नाहीत आणि दवाखान्याचं बिल वेगळं. डेंग्यूचा विषाणू मारील असं खास औषध अजून नाही. डास होऊ न देणं हाच उपाय.

गप्पीचं पूर्ण वाढलेलं मोठं मासळं दिवसाला 80 ते 100 डासअळ्या खातं, असं आरोग्य खातं सांगतं. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' हे भिंतीवर रंगवलेलं तुम्ही वाचलंच असेल. अडचण एवढीच, की मासे वेळेवर हाताशी नसतात. ऑफिसातली पेटी म्हणजे गावाचा बियाणे प्लॉट समजा. जून लागला की तिच्यातून मासे काढून वाटा.

कुठं सोडायचे? गुरांचा हाळ, वापराच्या पाण्याचा मोठा हौद, सांडपाण्याचं डबकं, पडकी विहीर. पाण्याचा पृष्ठभाग चार फूट गुणिले आठ फूट असेल, तर दहा-पंधरा मासे पुरे. नेताना प्लास्टिकच्या पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा ठेवा. ऊन उतरल्यावर न्या. पिशवी पाण्यावर पंधरा मिनिटं तरंगू द्या, मग तोंड उघडा.

कुठं सोडायचे नाहीत, तेही ऐका. नदी, नाला, तलाव, धरण, यांत कधीही नाही. गप्पी परका मासा आहे, आपल्या देशी लहान माशांच्या वाट्याचं खातो. पुराचं पाणी शिरून जिथून मासा नदीला मिळेल, असं डबकंही टाळा. पिण्याच्या माठात-रांजणातही नको. तिथं झाकण आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस, हाच नियम. आणि मासे सोडले म्हणून कोरडा दिवस बंद करायचा नाही. टायर, करवंट्या, फुटके डबे यांत मासा जाऊन बसत नाही, ते आपणच पालथे करायचे.

श्रोत्यांच्या शंका

नवी पेटी लावली, पाणी दुधाळ झालं. बदलू का? नको. ती नव्या पेटीची खूण आहे. खाणं दोन दिवस बंद ठेवा, आठवड्याभरात निवळतं.

मासे वर येऊन तोंड उघडमीट करतात. म्हणजे प्राणवायू कमी पडतोय किंवा पाणी बिघडलंय. लगेच चौथाई पाणी बदला, पंप पाहा, कोपऱ्यात मेलेला मासा कुजतोय का तेही पाहा.

दोन वर्षांनी मासे लहान आणि फिके होऊ लागले. एकाच घरातलं बियाणं पुन्हापुन्हा वापरल्यासारखं आहे हे. वर्षाला पाच-सहा गप्पी दुसऱ्या गावच्या पेटीतून किंवा आरोग्य केंद्रातून बदलून आणा.

लक्षात ठेवा

1. दोन फुटी पेटी, दहा साधे गप्पी, काळी खडी, हिरवी वनस्पती.
2. पहिल्या महिन्यात चारच मासे.
3. दिवसाला एक चिमूट खाणं, एकाच हातानं.
4. आठवड्याला एक बादली पाणी बदला. सगळं कधीही बदलू नका.
5. फवारणीचा हात पाण्याला लावू नका.
6. वाढलेले मासे हाळात आणि हौदात सोडा, नदी-नाल्यात नाही.

बंधूंनो, ऑफिसात आलेला माणूस पेटीकडे बघून 'छान आहे' म्हणाला, तर आनंदच आहे. पण पावसाळ्यात एखादी माउली हातात बरणी घेऊन यावी आणि म्हणावी, "नाना, आमच्या हाळासाठी चार मासे द्या", यासाठी ही पेटी ठेवायची. तेव्हा सचिवांनी पावत्यांची पुस्तकं बाहेर काढावीत, पेटी धुवावी आणि या आठवड्यात पाणी भरून ठेवावं.

नमस्कार.